बरं झाल्याची साक्ष दिली, मग तपासणी कशाला?

पत्राचा सारांश (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत)

बेळगावजवळ राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वय 41. यजमान उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर, मुलगी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला. घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती, रविवारी मराठी उपासनेला जाणारं. दोन वर्षांपासून यजमान एका प्रार्थना गटात जातात, शुक्रवारी उपवास धरतात. तिथं जायला लागल्यापासून त्यांची दारू सुटली आणि त्यासाठी ताई त्या गटाचे मनापासून उपकार मानतात. यजमानांना सहा वर्षांपासून शुगर आहे. पावसाळ्याआधी एका सभेत त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना झाली, ‘प्रभूने मला बरं केलं’ अशी साक्ष त्यांनी सगळ्यांसमोर दिली आणि गोळ्या बंद केल्या. आता लेथवरचा तापलेला कीस चपलेत पडून अंगठ्याजवळ भाजलं, ती जखम तीन आठवडे झाले तरी सुकत नाही. गटाचे पुढारी म्हणतात, घरात कोणाचा तरी अविश्वास आहे म्हणून आशीर्वाद अडलाय. सासूबाईंची नजर ताईंवर आहे. घाबरून ताई महिनाभर उरलेल्या गोळ्या कुटून गुपचूप आमटीत घालत आहेत. त्यातच कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेत घरच्या बाईला महिन्याला मिळणारे 2000 रुपये त्या पोस्टात आरडीत, म्हणजे दरमहा हप्त्याच्या ठेवीत, टाकतात, तेही यजमानांना पटत नाही. ते पैसे उपकारस्तुतीचं अर्पण म्हणून द्यावेत, साठवणं म्हणजे उद्याची चिंता करणं, असं त्यांचं म्हणणं. ताई विचारतात, “मी रोज प्रार्थना करते, तरी रात्री त्यांचा पाय बघितला की पोटात गोळा येतो. माझा देवावर विश्वासच नाही का? आणि मी जे करते ते पाप आहे का?”

उत्तर

ताई,

आधी आमटीतल्या गोळीचं बोलते. ते आजपासून बंद करा. पापाचं आपण मागाहून बघू, पण हे थांबलंच पाहिजे.

मी नोकरीची सगळी वर्षं वॉर्डात काढलेली नर्स आहे, म्हणून जरा स्पष्ट लिहिते. शुगरच्या गोळ्या सगळ्या सारख्या नसतात. काही गोळ्या पोटात हळूहळू विरघळाव्यात अशाच बनवलेल्या असतात. त्या कुटल्या की औषध एकदम अंगात उतरतं. काही अशा असतात की त्या घेऊन माणूस वेळेवर जेवला नाही तर साखर झपकन खाली येते. घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, बोलणं असंबद्ध होतं. तुमचे यजमान शुक्रवारी उपवास धरतात. गुरुवारी रात्री आमटीतून गोळी गेली, शुक्रवारी सकाळी ते उपाशी पोटी लेथसमोर उभे राहिले आणि चक फिरत असताना अंधारी आली, तर काय होईल? आपल्याला काय होतंय हे त्यांना कळणार नाही. शेजारच्या मशीनवरच्या माणसाला कळणार नाही. दवाखान्यात नेलं तर ‘मी कसलीच गोळी घेत नाही’ असं ते छातीठोकपणे सांगतील, आणि डॉक्टर ते खरं धरून उपचार करतील.

तुम्ही हे त्यांच्या जिवासाठी केलंत, यात मला तिळमात्र शंका नाही. पण त्यातून दुसरा एक गुंता झालाय. गेल्या महिन्यात ज्या ज्या दिवशी त्यांना हुशारी वाटली, त्या त्या दिवशी त्यांची खात्री आणखी पक्की झाली असणार. आपलं शरीर खरंच कुठल्या अवस्थेत आहे हे कळायचा त्यांचा हक्क तुमच्या हातून हिरावला गेलाय. तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचं तर, हो, ही फसवणूक आहे आणि तिची क्षमा देवाकडेही मागा, त्यांच्याकडेही. पण जिवाच्या भीतीने केलेली फसवणूक आहे ही, आणि देवाला ते ठाऊक आहे. रात्ररात्र त्याचाच विचार करत बसू नका.

गोळी थांबवा म्हणजे उपचाराविना ठेवा असं मी म्हणत नाही. लपवून घालायची थांबवा आणि तपासणी लगेच करा. शुगरच्या माणसाच्या पायाची जखम तीन आठवडे भरत नसेल तर ती डॉक्टरांनी बघायलाच हवी, आणि ‘पुढच्या आठवड्यात’ हे उत्तर तिथं चालत नाही. वाढलेली साखर पायाच्या नसा बधिर करते. मी असे पाय पाहिलेत ज्यांत चपलेचा खिळा घुसलेला होता आणि माणूस दोन दिवस त्याच चपलेने फिरत होता, कारण त्याला टोचलंच नाही. यजमान म्हणत असतील, “दुखत नाही, म्हणजे काही विशेष नाही.” दुखत नाही हीच काळजीची गोष्ट आहे.

आता तुमच्या मनातल्या प्रश्नाकडे येते.

तुम्ही धरून चालला आहात की विश्वास असेल तर भीती राहत नाही, आणि भीती आहे म्हणजे विश्वास नाही. हे तुम्हाला कोणी शिकवलं? स्तोत्रकर्ता 56व्या स्तोत्रात म्हणतो, मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन. भीती गेल्यावर ठेवीन, असं तो म्हणत नाही. मार्काच्या 9व्या अध्यायात एक बाप आपल्या आजारी मुलाला घेऊन येतो आणि एका दमात दोन्ही गोष्टी सांगतो, मी विश्वास ठेवतो आणि माझा अविश्वास घालवून टाका. प्रभूने त्याला ‘आधी मन पक्कं करून ये’ म्हणून परत पाठवलं नाही, मुलाला बरं केलं. गेथशेमाने बागेत तर खुद्द प्रभू व्याकूळ झाला होता. पाय बघून तुमच्या पोटात गोळा येतो आणि तशीच तुम्ही उठून प्रार्थनेला बसता. हाच विश्वास आहे, ताई. रोजच्या संसारात तो बहुतेक वेळा असाच, घाबरलेला असतो.

दुसरं, तुमच्या अविश्वासामुळे त्यांचं बरं होणं अडलंय, हे. हे वाक्य वाचून मला राग आला, आणि तो मी लपवत नाही. त्यासाठी नासरेथचा दाखला देतात हे मला माहीत आहे. तिथं लोकांच्या अविश्वासामुळे प्रभूने फारसे चमत्कार केले नाहीत, असं मार्काच्या 6व्या अध्यायात आहे. पण नासरेथच्या लोकांनी प्रभूलाच नाकारलं होतं, हा सुताराचा पोर आम्हाला काय शिकवणार म्हणून. तुम्ही त्याच प्रभूच्या पायाशी बसून नवऱ्यासाठी रडता आहात. या दोन गोष्टी एका तराजूत कशा घालायच्या? नाईन गावच्या विधवेचा मुलगा उठवला तेव्हा प्रभूने कोणाचाच विश्वास तपासला नाही. त्याला तिचा कळवळा आला, एवढंच कारण शास्त्रात दिलंय. आणि जन्मांध माणसाला बघून शिष्यांनी जेव्हा विचारलं की पाप कोणाचं, याचं की आईबापांचं, तेव्हा प्रभूने तो प्रश्नच बाजूला सारला. आजारी माणसाच्या घरात जाऊन ‘दोष कोणाचा’ हे शोधणं हे पाळकाचं काम नाही आणि गटाच्या पुढाऱ्याचंही नाही. सासूबाईंनी पुन्हा विषय काढला तर शांतपणे एवढंच म्हणा, “आई, मीही त्यांच्यासाठीच प्रार्थना करते.” त्यापुढे वाद घालू नका.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आहे, आणि ती मी तुमच्याइतकीच तुमच्या यजमानांनाही सांगू इच्छिते. देव प्रार्थनेने बरं करतो, हे मी मानते. वॉर्डात काही माणसं अशी उठून घरी गेलेली मी पाहिलीत की आम्ही सगळे बघत राहिलो. पण देवावर विसंबणं म्हणजे त्याने कुठल्या वाटेने यावं हे आपण ठरवून देणं नाही. हिज्कीया राजा मरणाला टेकला होता. त्याने भिंतीकडे तोंड करून रडत प्रार्थना केली, आणि देवाने यशया संदेष्ट्याकरवी वचन दिलं की मी तुला बरं करतो, आणखी पंधरा वर्षं देतो. त्यानंतर लगेच यशया काय म्हणाला? अंजिरांची ढेप आणून गळवावर बांधा. वचन मिळालं होतं, तरी लेप लावलाच. हिज्कीयाने ‘वचन मिळालंय, मग अंजीर कशाला’ असं म्हटलं नाही, आणि लेप लावल्यामुळे देवाचा मान कमी झाला असं यशयालाही वाटलं नाही. दुसऱ्या राजे या पुस्तकाच्या 20व्या अध्यायात हे आहे. दोघांनी मिळून वाचा.

आपण रोज जेवणाआधी डोळे मिटून उपकार मानतो. तांदूळ रेशनचा, भाजी बाजारातली, भाकरी तुम्ही थापलेली, तरी हे देवाने दिलं असंच म्हणतो. ‘खरा विश्वास असेल तर न जेवता जगून दाखव’ असं कोणी कोणाला म्हणत नाही. गोळी हातात घेऊन तसेच उपकार मानता येतात. माझ्या ओळखीतली कितीतरी विश्वासणारी माणसं रोज तसं करतात.

आपल्या मराठी ख्रिस्ती माणसांपुढे पंडिता रमाबाईंचं उदाहरण आहे. 1858 साली याच कर्नाटकातल्या डोंगरात जन्मलेली बाई. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली प्रार्थनेचं मोठं जागरण झालं, त्याच्या गोष्टी अजून सभांमधून सांगतात. शेकडो मुलींच्या रोजच्या अन्नासाठी रमाबाई देवाकडे हात पसरत, आणि त्याच आवारात विहिरी खणल्या जात होत्या, शेती होत होती, छापखाना चालत होता. प्रार्थना करून त्या फावडं बाजूला ठेवून बसल्या नाहीत. आणि हेही विसरू नका की त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 साली, आईच्या आधीच गेली. रमाबाईंचा विश्वास कमी पडला असं म्हणायची कोणाची छाती आहे? पुढच्याच वर्षी त्या स्वतः गेल्या, तोवर पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नव्हतं.

आणि आपल्या भागाचं बोलायचं तर, लंडन मिशनरी सोसायटीचे लोक बेळगावात 1820 साली आले. पुढे रेल्वेने गाठता येईल अशा मिरजेत 1894 साली डॉ. वानलेसांनी मिशन हॉस्पिटल उभं केलं. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला विचारा, रायबाग-कुडचीहून गाडी धरून किती माणसं तिथं जात असत. ज्या हातांनी आपल्याला शुभवर्तमान दिलं त्याच हातांनी दवाखानेही बांधले. औषध घेणं म्हणजे अविश्वास, ही शिकवण आपल्या वाडवडिलांच्या मंडळीत कधी नव्हती.

आता यजमानांशी कसं बोलायचं ते. त्यांच्या बाजूने जरा विचार करा. दारूत वर्षं घालवलेल्या माणसाला पहिल्यांदा चारचौघांत मान मिळाला. त्याने माइकवर उभं राहून सांगितलं की मी बरा झालो. आता गोळीला हात लावला तर साक्ष खोटी पडते आणि माणूसही खोटा पडतो. तुम्हाला पायाची भीती वाटते, त्यांना या लाजेची वाटत असणार. तुमच्याआमच्यासारखे तेही घाबरलेले आहेत, फक्त ते बोलून दाखवत नाहीत. त्यामुळे ‘तुमची साक्ष चुकली’ या वाक्याने सुरुवात केली तर ते एक शब्द ऐकणार नाहीत.

सासूबाई आणि मुलगी समोर नसताना बोला. आधी माफी मागा. “मी तुमच्या जेवणात गोळी घालत होते. मला भीती वाटली म्हणून केलं, पण विचारायला हवं होतं. यापुढे नाही करणार.” ते चिडतील. चिडू द्या, त्यांचा तेवढा हक्क आहे. कदाचित एक-दोन दिवस बोलणार नाहीत. पण पायासाठी तेवढी वाट बघता येणार नाही, म्हणून त्याच बैठकीत दुसरी गोष्ट बोलून टाका, आणि ती गोळीची नको, तपासणीची असू दे.

इथे शास्त्र तुमच्या बाजूने आहे. मार्काच्या पहिल्या अध्यायात प्रभूने कुष्ठरोग्याला बरं केल्यावर काय सांगितलं? जा, स्वतःला याजकाला दाखव. याजक त्या काळी अंग निरखून बघत, आणि माणूस शुद्ध झाला असं ठरवायची रीत लेवीयाच्या 14व्या अध्यायात दिली आहे, आठ दिवस चालणारी. प्रभूने स्वतः बरं केलेला माणूस, तरी त्याला तपासणीला पाठवलं. मग तुम्ही यजमानांना म्हणा, “प्रभूने बरं केलं असेल तर रिपोर्टमध्ये दिसेल, आणि तोच रिपोर्ट दाखवून आपण साक्ष देऊ. चला, दोघं मिळून जाऊ.” ज्याला आपण बरे झालो याची खात्री आहे त्याला रक्त द्यायला अडचण नसावी. ते नाहीच म्हणाले, तर खात्रीच्या खाली काहीतरी हललेलं आहे असं समजा, आणि आवाज न चढवता पुन्हा विचारा.

तपासणी कुठली? उपाशी पोटीची आणि जेवणानंतरची साखर बघतातच, पण एचबीएवनसी आवर्जून मागा. ती मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते, त्यामुळे एक दिवस पथ्य पाळून तिला फसवता येत नाही. 6.5 किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेहाच्या पट्ट्यात. मात्र महिनाभर गोळ्या पोटात गेल्यात, हे डॉक्टरांना यजमानांसमोरच सांगा, नाहीतर आकड्याचा अर्थ चुकीचा लागेल. कुठली गोळी, किती, ते रिकामं पाकीट सोबत न्या. कोणाची साखर वजन उतरवून, खाणं बदलून खरोखर आटोक्यात येते आणि डॉक्टरच गोळी कमी करतात, बंदही करतात, असंही होतं. दारू सुटल्याचा तुमच्या यजमानांना फायदाच झाला असेल. पण ते ठरवायला आकडा लागतो.

सिव्हिलमध्ये किंवा जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात शुगरची तपासणी आणि नेहमीच्या गोळ्या मोफत मिळतात. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार बसतात. देव करो आणि पायासाठी दाखल व्हायची वेळ न येवो, पण रेशन कार्ड आणि आधार एका पिशवीत तयार ठेवा. आणि कर्नाटकात बायकांना सरकारी बसला तिकीट पडत नाही, तेव्हा सिव्हिलला चौकशीला जायला कोणाकडे पैसे मागायचीही गरज नाही. एकदा एकटीच जाऊन कुठला विभाग, किती वाजता, ते बघून या, म्हणजे त्यांना घेऊन जाल त्या दिवशी धावपळ होणार नाही.

प्रार्थना गटाचं काय करायचं? तो सोडा असं मी म्हणणार नाही. त्यांच्यामुळे तुमच्या घरातली दारू गेली. असं उपकाराचं माणूस तोडायचं नसतं. पुढाऱ्यांशी भांडायला जाऊ नका, त्यांना लॅबपर्यंत सोबत बोलवा. “तुम्ही प्रार्थना केलीत, तपासणीच्या दिवशीही या, तिथंच प्रार्थना करू.” आले तर फार चांगलं. यजमानांना लाज झाकायला जागा मिळेल आणि साक्ष मागे घेतल्यासारखं होणार नाही. पण ते ‘दवाखान्यात जाणं म्हणजे देवाला नाकारणं’ असं म्हणाले, तर मग मात्र तुमच्या रविवारच्या मंडळीच्या पाळकांकडे जा आणि त्यांना घरी बोलवा. बायकोचं न ऐकणारी माणसं पाळकांचं कधीकधी ऐकतात. चालू औषध बंद करा असं डॉक्टराशिवाय कोणीही, कोणाच्याही नावाने सांगत असेल, तर त्याचं ऐकायचं नाही. मंदिराच्या शिखरावरून उडी मार, देवदूत झेलतील, हे सैतानाने प्रभूला शास्त्राचं वचन दाखवूनच सांगितलं होतं, आणि प्रभूने ते धुडकावलं. आपल्या देवाची परीक्षा पाहू नको, असं तो म्हणाला. हे वाचकांतल्या इतरांसाठीही लिहिते, कारण बीपी, फिट आणि मानसिक आजाराच्या गोळ्या अशाच बंद केल्याची पत्रं मला येतात.

साक्षीचं त्यांना एक सांगा. दारू सुटली ही साक्ष खरी आहे, आणि शुगरचा आकडा काहीही आला तरी ती खरीच राहते. दानीएलाच्या पुस्तकात, तप्त भट्टीसमोर उभ्या असलेल्या त्या तिघांनी राजाला सांगितलं की आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही. ‘नाही सोडवलं तरी’ हे म्हणायला जी ताकद लागते ती ‘मी बरा झालो’ म्हणायला लागणाऱ्या ताकदीहून कमी नाही.

आता आरडी. याचं उत्तर मला सोपं वाटतं. ती मोडू नका. मिसर देशात योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत पाचवा हिस्सा कोठारात भरून ठेवला, आणि ती बुद्धी देवाने दिली असं शास्त्र म्हणतं. उद्याची चिंता करू नका असं प्रभू म्हणाला, पण मुलीच्या फीची तजवीज करणं म्हणजे चिंता नाही. उलट तजवीज असली की चिंता जरा कमी होते. अर्पण द्यावं, आनंदाने द्यावं. पण मार्काच्या 7व्या अध्यायात प्रभूने अशा लोकांना फटकारलं आहे जे आईबापांना द्यायचं ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेलं, असं म्हणून मोकळे होत. घरच्या माणसाचा हक्क काढून दिलेलं देवाला नको असतं. विधवेने अर्पण केलेल्या दोन टोल्यांची, म्हणजे दमडीएवढ्या नाण्यांची, गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली, तर तिच्या अगदी आधीची ओळ वाचायला सांगा. विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांना प्रभूने तिथंच दोष दिलाय.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या हातात पैसा ठरत नसे आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना त्यापायी काय काय सोसावं लागलं, हे मराठी ख्रिस्ती घरात कोणाला सांगायला नको. दात्या नवऱ्याच्या संसारात कोणीतरी डबा राखून ठेवावा लागतो. फक्त लपवून नको. दोघं बसून दर महिन्याला अर्पण किती ते ठरवा, तेवढं देऊन टाका, आणि आरडीचं पासबुक यजमानांना दाखवा. गृहलक्ष्मीचे पैसे कधी दोन-दोन महिने येत नाहीत, मग एकदम येतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तेव्हा हप्ता चुकणार नाही इतकी शिल्लक खात्यात राहू द्या. बारा हप्ते नियमित भरले असतील तर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं. पायाच्या उपचाराला पैसे कमी पडलेच तर आरडी मोडण्यापेक्षा ते बरं.

आणखी एक. पत्रभर तुम्ही एकट्याच आहात. नवऱ्याचा जीव, मुलीची फी, सासूबाईंचा राग, देवासमोरचा हिशोब, सगळं तुमच्या एकटीच्या डोक्यावर. यजमानांना मीच जगवायचं, असं कुठेतरी तुम्ही ठरवून टाकलंय, आणि आमटीतली गोळी त्यातूनच आली. भरवसा ठेवायची गोष्ट तुमच्यासाठी इथे आहे. तुम्ही खरं सांगाल, तपासणीला नेण्याचा प्रयत्न कराल, जखम रोज बघाल. त्यापलीकडचं त्यांच्या मनाचं आणि शरीराचं जे काही आहे ते तुमच्या हातात नव्हतंच कधी. ते प्रभूला तसंच सांगा, सुंदर शब्द जुळवू नका. 13वं स्तोत्र ‘कुठवर’ या प्रश्नानेच सुरू होतं, त्याने चालेल. आणि महिला मंडळातली एक बाई, तोंडाची घट्ट असलेली, तिला हे सगळं सांगा. तपासणीच्या दिवशी ती तुमच्या सोबत असू दे.

यजमान काही केल्या तयार झाले नाहीत तर? सज्ञान माणसाला हाताला धरून ओढून नेता येत नाही. रोज संध्याकाळी पाय स्वच्छ पाण्याने धुऊन, कोरडा करून, स्वच्छ कापड बांधायला तरी त्यांना राजी करा. गरम पाण्याने शेकू नका, हळद-चुना-तंबाखू काही भरू नका, आणि वर्कशॉपमध्ये अनवाणी किंवा उघड्या चपलेत उभं राहू देऊ नका. बोट काळं पडायला लागलं, घाण वास आला, लाली किंवा सूज वर चढली, ताप आला, किंवा ते गुंगल्यासारखे झाले, उलट्या सुरू झाल्या, धाप लागली, तर त्या क्षणी कोणाच्या परवानगीची वाट बघू नका. 108 ला फोन करा, शेजाऱ्यांना हाक मारा, गाडीत घाला. प्रार्थना गाडीत बसून करा.

तपासणी झाली की मला आकडा कळवा, काहीही आला तरी.